देणगीदाराचा कोंबडा

व्हिसा मिळाला तर कृपाबाईंच्या पदरात काय पडणार होतं, हा हिशेब अगदी सोपा होता. काही नाही.

कुटुंब कशाला म्हणायचं ते त्या बेटावरच्या सरकारनं छापूनच ठेवलं होतं. अर्जदार, त्याची बायको, आणि एकवीस पुरी न झालेली, बिनलग्नाची मुलं. अर्जदाराची बायको सात वर्षं कुवेतच्या दवाखान्यात नर्स होती, तेव्हा त्या मुलांचे डबे भरणारी, जोशुआच्या गोवरात उशाशी बसून राहणारी अविवाहित बहीण त्यात कुठे बसत नव्हती. पुण्याच्या एजंटानं ते पहिल्याच भेटीत, तिसरी जिलबी उचलता उचलता सांगून टाकलं होतं. "बहीण धरत नाहीत, मॅडम. रूलच आहे तसा. तुम्ही मागाहून टूरिस्ट म्हणून या की."

आणि व्हिसा नाही मिळाला तर? तर वडिलांनी, बन्सी उजागऱ्यांनी, नावावर करून दिलेलं अर्धं घर राहत होतं. मागच्या अंगणातलं मे महिन्यातही न आटणारं बोअर राहत होतं. आणि जोशुआ राहत होता. म्हणजे घरातल्या पाच जणांत अर्ज फसला तर फायद्यात राहील असं माणूस एकच, आणि अर्ज भरायला नेमकं त्यालाच बसवलेलं. का, तर इंग्रजी अक्षर चांगलं.

कृपाबाईंनी तो इमानानं भरला. सारी नोकरी झेडपीच्या शाळेत झाली, जनगणना केली, मतदार याद्या केल्या. रकाना चुकवणं त्यांच्या हाताला जमलंच नसतं. पेन अडलं ते एकाच ठिकाणी. राहत्या घराचा मालक कोण?

"माझं एकट्याचं लिही," मोझेस म्हणाला.

"अर्धं माझं आहे, दादा."

"ते तू मला लिहून देनारच हायेस की. स्टॅम्प पेपर आनून ठिवलाय. सुगीचा सण झाला की सोमवारी कचेरीत जाऊ. तेवढ्यासाठी फॉर्मात खाडाखोड कशाला?"

कृपाबाईंनी लिहिलं. मोझेस बन्सी उजागरे, एकटाच मालक. वळणदार अक्षरात.

मोझेसला देणगी द्यायला आवडायचं. पगार द्यायला तितकंसं नाही. चर्चमधल्या सहाही पंख्यांच्या पात्यांवर 'प्रभुवासी बन्सी उजागरे यांच्या स्मरणार्थ, मोझेस उजागरे यांजकडून' असं लाल रंगात लिहिलेलं होतं. पंखा फिरायला लागला की ते वाचता येत नाही, म्हणून प्रवचन सुरू होईस्तोवर तो पंखे लावू देत नसे. माणसं घामेघूम होऊन त्याच्या बापाचं नाव वाचत बसत. धंदा बोअरवेलचा. दोन गाड्या होत्या, आणि पाणी लागो न लागो, फुटाचा भाव ठरलेला. असा माणूस पेपरात वाचतो, की अमुक देशाच्या विकास निधीला देणगी द्या आणि सहकुटुंब कायमचे राहायला या. त्याला ती योजना आपलं नाव विचारूनच काढलीय असं वाटलं, यात त्याचा काय दोष?

बेटाचं नाव घरात कुणाला धड घेता येत नव्हतं. तिथून फास्ट बोलर येतात एवढं ठाऊक होतं. सिल्व्हियाला तर बेटाशी घेणंदेणंच नव्हतं. तिची मावसबहीण टोरांटोला होती, आणि त्या बेटाचा पासपोर्ट झाला की पुढे तिकडे सरकता येतं असं तिनं कळवलं होतं. नव्वद साली लढाई लागली आणि सिल्व्हियाला एका बॅगेनिशी कुवेत सोडावं लागलं. तेव्हापासून ती श्रीरामपुरात राहत होती ती स्टेशनच्या वेटिंग रूममध्ये बसल्यासारखी. सामान सोडलेलं, पण लावलेलं नाही.

घाई होती ती जोशुआपायी. मार्चमध्ये त्याला एकविसावं संपत होतं, आणि वय धरायचं ते अर्जाच्या दिवशीचं नव्हे, व्हिसाच्या दिवशीचं. मार्चच्या आत शिक्का पडला तर तो कुटुंबात. नाहीतर आत्यासारखाच रूलच्या बाहेर.

आता उजागऱ्यांच्या घरातली कवायत सांगितली पाहिजे, कारण सगळं तिच्यावरच घसरलं.

खूप वर्षांपूर्वी समोरच्या आडत्याकडे इन्कम टॅक्सची धाड पडली. त्याच्या गादीतला कापूस रस्त्यावर उडाला तो अख्ख्या वॉर्डानं पाहिला. त्या संध्याकाळी म्हाताऱ्या बन्सीनं घरच्यांना ओळीनं उभं करून शिकवलं, की पिशवीवाला परका माणूस दारात येऊन चौकशी म्हणाला, की आपण गरीब. पहिल्यानं पाहणाऱ्यानं ओरडायचं, "आईचं औषध संपलंय." की मग सोनं ज्वारीच्या कोठीत, टीव्हीवर गोधडी, बरी भांडी पलंगाखाली, आणि कुणीतरी एकानं खोकत बाजेवर पडायचं. आई, म्हणजे भागिरथीबाई, जाऊनही आता सहा वर्षं झाली होती. बन्सी तर त्याच्याही आधी गेलेला. औषध मात्र अजून संपत होतं. गेल्या वर्षी विम्याचा एजंट आणि त्याच्या आधी वॉटर फिल्टर विकणारा एक बिचारा मुलगा, दोघांनीही उजागऱ्यांचं अठरा विश्वे दारिद्र्य पाहून चहासुद्धा न घेता काढता पाय घेतला होता.

एजंटानं सांगून ठेवलं होतं, की मंगळवारी मुंबईहून एक गृहस्थ येतील. सरकारनं नेमलेले. अर्जात लिहिलंय तेवढी ऐपत खरंच आहे का, लोकांत मान आहे का, ते बघतील. मंगळवारसाठी नवा सोफा भाड्यानं सांगितलेला होता.

तो गृहस्थ रविवारी आला.

सुगीच्या सणाची उपासना आटोपून सिल्व्हिया आणि कृपाबाई घरी परतल्या होत्या. लिलावाला थांबायची सिल्व्हियाची तयारी नव्हती. नवऱ्याची बोली ऐकली की तिचं डोकं दुखायचं. मंडळीतली माणसं शेतातलं, परसातलं काय काय आणून वाहतात, उसाच्या मोळ्या, कणसं, अंडी, कोंबड्या, आणि उपासना झाली की अंगणात त्याचा लिलाव होतो. डझनभर अंड्यांना दोनशे रुपये मोजणारा माणूस अंडी घेत नसतो, हे सगळ्यांना कळतं, आणि चर्चचा वर्षाचा खर्च त्यावर निघतो. मोझेस, जोशुआ आणि धाकटी भारती तिकडेच होते.

अंगणात बोअरची एक गाडी उभी होती, तिच्या शेजारी कानिफनाथ जीपखाली शिरला होता. हा पाथर्डीकडचा. गाड्यांचा सगळा कारभार त्याच्या हाती.

रिक्षा थांबली. पांढरा शर्ट, काळी बॅग, डोक्याला रुमाल.

"मोझेस उजागरे इथंच राहतात का? थोडी चौकशी करायची होती."

सिल्व्हियानं दारातूनच गळा काढला. "अहो कानिफनाथ, आईंचं औषध संपलंय!"

जीपखालून दोन पाय निघाले, मग कानिफनाथ निघाला, आणि त्यानं पान्हा घेऊन पहिलं काय केलं, तर जीपच्या पाठीवरची 'उजागरे बोअरवेल्स' ही पाटी उलटी करून टेकवली. सिल्व्हियाच्या बांगड्या कोठीत पडल्याचा आवाज कृपाबाईंना आत ऐकू आला. टीव्हीवर गोधडी गेली. बाजेवर पडायला कुणी उरलं नव्हतं, तेव्हा सिल्व्हिया स्वतःच डोक्याला पदर गुंडाळून खुर्चीत टेकली.

"बसा," ती कण्हत म्हणाली. "खुर्ची मोडकी आहे, जपून."

गृहस्थ बसले. बॅगेतून त्यांनी फाइल काढली, मांडीवर उघडली, आणि विचारलं, "घरात माणसं किती?"

स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या कृपाबाईंना तिथंच शंका आली. टॅक्सवाला आधी कपाट विचारतो, माणसं नाही. माणसं जनगणनेवाला विचारतो. त्यांनी मान जरा पुढे काढली. फाइलमधल्या पहिल्या कागदावर वळणदार इंग्रजी अक्षर होतं. त्यांचं स्वतःचं.

एवढंच करायचं होतं. "वहिनी, जरा आत या," म्हणायचं होतं. सिल्व्हिया आत आली असती, कानात चार शब्द पडले असते, गोधडी निघाली असती, हसून सगळं निभावलं असतं.

"मी चहा टाकते," कृपाबाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

गॅस पेटवला. पाणी ठेवलं. मग त्यांना वाटलं, पाहुणा माणूस, आलं घालावं. आलं धुतलं. किसणी शोधली, ती समोरच होती, तरी शोधली. बाहेरचं सगळं ऐकू येत होतं.

"घर कुणाचं?"

"भाड्याचं," सिल्व्हिया म्हणाली. "तेही थकलंय."

"मिस्टरांचं उत्पन्न?"

"कसलं उत्पन्न! दुष्काळी भाग आमचा. कधी काम लागतं, कधी नाही. मी नर्स होते, आता माझंच दुखणं."

"पण बाहेर बोअरची गाडी उभी आहे."

"ती व्हय?" हा कानिफनाथ. "त्या गाड्या तामिळनाडूच्या शेटच्या हायती, साहेब. आमी नुस्तं हाताखाली. मोझेसभाऊ बी हाताखालीच."

"तुम्हाला पगार किती?"

"दिला तर दिला. चार म्हैनं झालं, न्हाई दिला."

त्या सगळ्या बोलण्यात हे एवढं एक वाक्य खरं होतं. कानिफनाथनं ते जरा मोठ्यानंच म्हटलं, आत कृपाबाईंना ऐकू जाईल इतकं.

चहाला उकळी आली. कृपाबाईंनी गॅस बारीक केला. अजून एक उकळी येऊ द्यावी, आल्याचा अर्क उतरतो. दूध घातलं. पुन्हा उकळी. मध्येच सिल्व्हियानं हाक मारली, "ताई, झाला का?" तेव्हा त्या म्हणाल्या, "होतोय हो."

चहा गाळून ट्रे उचलला आणि बाहेर आल्या, तर रस्त्यावरून ताशाचा आवाज आला.

पुढे मोझेस. गळ्यात झेंडूचा हार, काखेत तांबडा कोंबडा. मागे पाळकसाहेब, जोशुआ, भारती आणि मंडळीतली दहा-पंधरा माणसं. मोझेस फाटकातूनच गरजला.

"चार हजार पाचशे एक! सिल्व्हिया, आरतीचं... हे आपलं, काय म्हंत्यात, पानी घिऊन ये! अख्ख्या नगर जिल्ह्यात एवढ्याला कोंबडा गेला न्हाई आजवर!"

मग त्याला खुर्चीतला पांढरा शर्ट दिसला. काळी बॅग दिसली. बायकोच्या डोक्याचा पदर दिसला. गोधडी दिसली. म्हाताऱ्या बन्सीनं शिकवलेलं अंगात इतकं मुरलेलं, की मोझेसचा चेहरा दारातच उतरून अर्ध्या वयाचा झाला.

"छान आहे कोंबडा," गृहस्थ म्हणाले. "आपला का?"

"माझा न्हाई."

"मग?"

"देवाचा हाय. मी नुस्ता आनून सोडतोय."

"साडेचार हजारांची बोली आपण लावलीत ना?"

"मी? मी कशाला लावीन? माझ्याकडं कुठनं येनार?"

"मोझेस उजागरे आपणच?"

मोझेसनं मागं बघितलं, पुढं बघितलं. "त्यो बाहेरगावी गेलाय," तो म्हणाला.

काखेतला कोंबडा तेव्हा आरवला. भर दुपारी, खणखणीत. पाळकसाहेबांनी डोळे मिटून घेतले. प्रभूच्या शिष्यानंही कोंबडा आरवायच्या आत प्रभूला तीनदा नाकारलं होतं; रविवारच्या शाळेत गेलेल्या प्रत्येकानं मनात मोजलं, तीनदा. आणि सगळ्यांनीच खाली पायाकडे बघितलं. फक्त भारतीला हसू आवरलं नाही.

गृहस्थांनी फाइलमधून पासपोर्ट साइज फोटो काढून समोर धरला. त्यातला मोझेस टाय लावून बसला होता.

"मी टॅक्सचा माणूस नाही," ते सावकाश म्हणाले. "तुमच्या व्हिसाच्या अर्जाच्या तपासणीसाठी आलोय. मंगळवारी नाशकात दुसरं काम निघालं, म्हणून आजच आलो."

पुढचा अर्धा तास श्रीरामपुरात असा प्रकार झाला, की गरिबी जितक्या झटक्यात आणली होती त्याच्या दुप्पट झटक्यात घालवायची धडपड सुरू झाली. सिल्व्हियानं डोक्याचा पदर फेकला आणि कोठीत कोपरापर्यंत हात घालून बांगड्या काढल्या. त्यांच्यात ज्वारीचे दाणे अडकले होते. "हे कुवेतचं, बावीस कॅरेट, बघा ना!" टीव्हीची गोधडी निघाली. कानिफनाथनं पाटी सुलटी केली आणि पुसलीसुद्धा. "साहेब, गाड्या भाऊच्याच. तामिळनाडूचा शेट म्हंजी काय, त्यानं इकल्या हुत्या." मोझेसनं कोंबडा टेबलावर ठेवला. "माझा हाय! चार हजार पाचशे एकला घेतला! विचारा पाळकसाहेबांना!"

"घेतला खरा," पाळकसाहेब म्हणाले. "पैसे नाताळपर्यंत द्यायचेत."

गृहस्थ लिहीत होते. थांबून म्हणाले, "अहो, पण मी आता कशावर विश्वास ठेवू? एकाच घरानं मला एका दुपारी दोन जबान्या दिल्या." मग त्यांची नजर ट्रे धरून उभ्या असलेल्या बाईंकडे गेली. "आपण?"

"मी बहीण," कृपाबाई म्हणाल्या. "अर्जात नाही मी. अर्ज मी भरलाय."

"मग तुम्हीच सांगा. काय खरं?"

कृपाबाईंनी ट्रे ठेवला आणि खरं सांगितलं. गाड्या दोन, दादाच्याच. सोनं वहिनींचं. पगार चार महिने राहिलाय तोही खरा. मोझेस प्रत्येक वाक्याला मान डोलावत होता.

"आणि घर?"

"अर्धं दादाचं. अर्धं माझं."

मान डोलायची थांबली.

"अर्जात सबंध यांचं लिहिलंय," गृहस्थ म्हणाले. "तुमच्याच अक्षरात."

"उद्या लिहून देनार हाय ती मला," मोझेस घाईनं म्हणाला. "हक्कसोड पत्र. तयार हाय सगळं."

"देणार आहात?" गृहस्थांनी कृपाबाईंनाच विचारलं.

"मागितलं तर देईन," कृपाबाई म्हणाल्या. "मला अजून कुणी मागितलेलं नाही. सही कुठं करायची तेवढं दाखवलंय."

अंगणातली माणसं पांगायची ती आणखी जवळ आली. चर्चच्या अंगणात हात वर करून साडेचार हजार ओरडणाऱ्या माणसाला एक साधं वाक्य उचलेना.

"बोल, किती पायजेल तुला?" तो शेवटी म्हणाला. "आकडा सांग. सगळ्यांदेखत देतो."

"हा कोंबडा नाहीये, दादा."

"ताई, असं काय करता चारचौघांत?" सिल्व्हिया पुढे झाली. "आम्ही काय तुम्हाला रस्त्यावर सोडणार होतो? तिकडून दर महिन्याला पाठवू. टोरांटोला गेलो की..."

"मी मागतो," जोशुआ म्हणाला.

तो दाराला टेकून उभा होता. कपाळाला लिलावातला धुरळा लागलेला. सबंध वर्षभरात या विषयावर त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. सगळ्यांनी त्याच्या जन्मतारखेचाच तेवढा विचार केलेला.

"आत्या, सही कर की. मला जायचंय. इथं काय, मी पण बोअरवरच चढणार. पप्पांसारखा." तो जवळ आला. "तू इथं एकटी पडशील ते मला कळतंय. पण मला जायचंय."

कृपाबाईंनी त्याच्या कपाळाकडे पाहिलं. पदराचं टोक हातात आलं होतं, ते त्यांनी सोडून दिलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "उद्या करते."

गृहस्थांनी चहाचा कप उचलला. "चहा मात्र फर्स्ट क्लास झालाय," ते म्हणाले. "बऱ्याच दिवसांनी असा आल्याचा चहा प्यायलो."

सिल्व्हियानं तेव्हा कपाकडे पाहिलं, मग नणंदेकडे.

सोमवारी सही झाली. घराचं एकवेळ जमलं. दोन जबान्यांचं मात्र जमेना. रिपोर्टात एवढंच गेलं, की घरच्यांची सांगणी एकमेकांशी जुळत नाहीत, ऐपतीचा पुरावा नव्यानं घ्यावा. एजंटाचा फोन आला. तीन वर्षांची टॅक्स रिटर्न्स लागतील, साहेब. आता मोझेसची रिटर्न्स वाचली तर वाचणाऱ्यानं खिशात हात घालून त्यालाच काही द्यावं, अशी होती. एका सरकारला आपण श्रीमंत असल्याचं पटवायचं तर आधी दुसऱ्या सरकारपाशी ते कबूल करणं आलं. सीए म्हणाला, मागचं सगळं भरून टाका, मग दाखला देतो. मोझेसनं भरलं. जन्मात पहिल्यांदा, आणि व्याजासकट.

या सगळ्यात डिसेंबर गेला, जानेवारी गेला. देणगी उभी करायला विकायला काढलेलं घर एका कापसाच्या व्यापाऱ्यानं घेतलं. देणगीचा पैसा मुंबईच्या कुणा पार्टीमार्फत बेटावर पोचला. पोचल्याची पावती आली, तीवर सोनेरी शिक्का होता. मोझेसनं ती फ्रेम करून घेतली. लावायला भिंत नव्हती, म्हणून बॅगेत ठेवली. मार्चमध्ये जोशुआचा वाढदिवस झाला. कृपाबाईंनी भाड्याच्या खोलीत गव्हाची खीर केली. कुणी फारसं खाल्लं नाही.

व्हिसे जूनमध्ये आले. तीन.

"देनगी परत मागता येत न्हाई," मोझेस म्हणाला. हे त्याला एजंटानं सांगितलं होतं. तिकडे पोचलो की पोराला बोलावून घेऊ, हेही एजंटानंच सांगितलं होतं. भारतीचं कॉलेज बुडत होतं, तिकिटं निघाली होती. निघायचं ठरलं.

मुंबईला जायची सुमो दारात उभी राहिली, तेव्हा सिल्व्हिया सगळ्यात शेवटी बाहेर आली. कुवेतहून आली होती तीच बॅग हातात. ती कृपाबाईंच्या जवळ आली, वाकली, आणि इतरांना वाटलं गळ्यात पडतेय.

"चहाला इतका वेळ लागत नाही, ताई," ती कानाशी म्हणाली. "माझ्या पोराला नीट सांभाळा."

मग ती खरंच गळ्यात पडली, आणि रडलीसुद्धा.

आता कुणाला हे कितीला पडलं ते पाहू. मोझेसची एक गाडी गेली आणि आयुष्यभर चुकवलेला कर गेला. तिकडे गेल्यावर त्याच्या नावाचा पंखा कुठेच नव्हता. सिल्व्हियाचं कुवेतचं सोनं गेलं, आणि पोरगा मागे राहिला. कृपाबाईंचं अर्धं घर आणि अंगणातलं बोअर गेलं. कानिफनाथचा थकलेला पगार कुणी दिलाच नाही; त्याबदली उरलेल्या गाडीत त्याला चार आणे भागी मिळाली, ती गाडी कर्जात होती. एजंटाचं काही गेलं नाही. व्यापाऱ्यानं घर घेतलं त्या उन्हाळ्यातही बोअर आटलं नाही.

राहता राहिला कोंबडा. नाताळ होऊन ईस्टरही गेला, आणि चर्चच्या खजिनदारांनी निरोप धाडला, की चार हजार पाचशे एक अजून यायचेत. ते जोशुआनं दिले, बोअरच्या गाडीवर चढून मिळवलेल्या पहिल्या दोन पगारांतून. एक रुपया सुटा नव्हता, तो आत्याकडून घेतला.

कोंबडा त्यांनी कापला नाही. खोलीमागच्या पत्र्याच्या आडोशाला तो असायचा, आणि त्याला वेळकाळ नव्हती, दुपारीदेखील आरवायचा. तो आरवला की कृपाबाई हातातलं काम ठेवून उगाच आत जाऊन यायच्या.

सुगीचा सण पुन्हा आला. जोशुआ चर्चला गेला नाही. गाडी काष्टीला लागली होती, रात्रभर खोदून तो सकाळी परतला होता. कानापर्यंत चिखलाचं पांढरं पाणी वाळलेलं. कृपाबाईंनी चहा टाकला आणि पहिली उकळी येताच गाळून त्याच्यापुढे ठेवला.

त्यानं घोट घेतला, कपात बघितलं.

"आत्या, हल्ली तू चहात आलं घालत नाहीस."

"परवडत नाही," कृपाबाई म्हणाल्या, आणि पदराच्या टोकानं त्याच्या कपाळावरचा चिखल पुसायला लागल्या.